पंधरा जणांची पक्की खबर

मी परीक्षेत नापास झालो त्या संध्याकाळी आमच्या घरी अठ्ठेचाळीस माणसांनी मलिदा खाल्ला आणि माझं अभिनंदन केलं.

वरच्या वाक्यात कुठेही चूक नाही. मी दोनदा तपासलं आहे. आई गेली, तेव्हा सुतकाचे सात दिवस इस्राएलात, पेताह तिक्वाच्या आमच्या फ्लॅटवर नातलगांची रीघ होती, आणि जो येई तो आईच्या आठवणीत हीच गोष्ट काढी. गोष्ट एक, पण तिची रूपं सात! एकाच्या गोष्टीत मी बसड्रायव्हरच्या लायसन्ससाठी नापास झालो होतो. एका मामांच्या गोष्टीत तर मी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, व्हायला निघालो होतो. आईला असली भेसळ खपत नसे. दुधात, बातमीत, कशातच नाही. म्हणून आता आठ महिन्यांनी मी खरी हकीकत लिहायला बसलो आहे. माझा हात सावकाश चालतो. दिवसाकाठी एखादा परिच्छेद होतो.

मलिदा म्हणजे गोड पोहे: ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-मनुका घातलेले, ताटाभोवती पाच तऱ्हेची फळं मांडलेले. आम्हा बेने इस्राएल लोकांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, एलियाहू हनाबी या प्रेषिताला नवस बोलतात आणि काम झालं की त्याच्या नावाने मलिदा करतात. काम *झालं* की. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. आमच्याकडे तेवढाच ध्यानात राहिला नाही.

त्या वेळी दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं आणि मी तेहतीस वर्षांचा होतो. लग्न झालेलं नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, दफ्तरखान्यात, रोग्यांच्या कागदी फायली लावायचं काम करत होतो. काम शांत होतं. फायली बोलत नाहीत. मग एके दिवशी विभागप्रमुख बाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "यापुढे सगळं कॉम्प्युटरवर. दफ्तरखाना बंद."

दफ्तरखान्यात आम्ही दोघे होतो, मी आणि बोरिस. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायला एक जागा निघाली होती. एकच. पेसाहच्या सणापूर्वी नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा जो पास होईल, त्याला ती जागा. दुसऱ्याने धोबीखान्यात चादरी मोजायच्या.

बोरिस रशियातून आलेला. तिकडे तो टेलिफोन एक्सचेंजात इंजिनिअर होता आणि इथे फायलींवर चिकटपट्ट्या लावत होता. तो हिब्रू बोलायचा रशियन चालीवर, मी माझ्या मराठी चालीवर, त्यामुळे इस्पितळात आम्हा दोघांनाच एकमेकांचं पूर्ण कळत असे. माणूस भला होता. डब्यातली लोणच्याची काकडी तो रोज अर्धी मला देई. आता मात्र मी ती काकडी उजेडात धरून पाहू लागलो.

मी स्वभावाने संशयी आहे. हे घराण्यातून आलं आहे. आमचे पूर्वज कोकणाच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले असं सांगतात. आईचं म्हणणं, "फुटलं कोण म्हणतो? कुणीतरी भोक पाडलं असणार." रेडिओवर ऊन सांगितलं की आई छत्री घेई. बसथांब्यावर वेळापत्रक लावलेलं असलं, तरी तिथे उभ्या असलेल्या तीन माणसांना ती बस कधी येते ते विचारी, आणि तिघांचं एकमत झालं तर म्हणे, "ह्यांनी आपसांत ठरवलेलं दिसतंय."

परीक्षेला अठरा दिवस उरले होते. माझ्याजवळ वाचनालयातून आणलेलं आठशे पानांचं जाडजूड पुस्तक होतं. निम्मं पुस्तक मी काढलं, आणि मग रूटिंग प्रोटोकॉल आले. थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगता आलं असतं, तर पास झालो असतो.) कॉम्प्युटरांच्या जाळ्यात चौकाचौकात एक यंत्र बसवलेलं असतं, त्याला राउटर म्हणतात. माहितीचं कुठलं पाकीट कुठल्या रस्त्याने धाडायचं हे तो ठरवतो. पण रस्ते त्याला कळतात कसे? शेजारच्या राउटरांशी बोलून. ह्या बोलण्याच्या वेगवेगळ्या रीती, त्या प्रोटोकॉल. एक रिप, दुसरा आयजीआरपी, तिसरा ओएसपीएफ. तिन्ही नीट शिकायला महिना लागला असता.

माझ्या पुस्तकात पहिले दोनच होते. तिसऱ्याबद्दल तळटीप होती, की हा पुढच्या परीक्षेचा विषय.

"पुस्तक जुनं आहे," बोरिस म्हणाला. "अभ्यासक्रम बदललाय. ओएसपीएफ शीक. त्यावर पुष्कळ विचारतात."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? नवीन यादी वाचली." आणि त्याने आपल्या हाताने लिहिलेली चाळीस पानं माझ्या टेबलावर ठेवली. "घे. माझी वाचून झाली."

मी ती पानं दोन बोटांनी उचलली. जागा एक, माणसं दोन, आणि हा मला स्वतःच्या नोट्स देतोय! माझे उरलेले दिवस खाऊन टाकण्याचा ह्याहून सोपा उपाय कोणता? मी पाळत ठेवली. जेवणाच्या सुट्टीत बोरिस ओएसपीएफचे नकाशेच काढत बसलेला असे. म्हणजे नाटक पक्कं बसवलेलं होतं! एकदा माझी नजर गेली तेव्हा त्याने कागदावर हात धरला. (त्याच क्षणी माझ्या चमच्यातून त्या दिशेने सूप उडालं होतं, ही गोष्ट मला बऱ्याच उशिरा आठवली.)

घरी आलो तेव्हा आई पेसाहचा तांदूळ निवडत बसली होती. आम्ही पेसाहला भात खातो, पण त्याआधी तांदूळ तीनदा निवडतो, सणात आंबलेलं वर्ज्य, म्हणून गव्हाचा एकही दाणा त्यात राहता कामा नये. दोनदा निवडून दाणा न सापडला, तर आईचा संशय उलट वाढे.

"काय रे एझ्रा, तोंड का असं?"

मी सगळं सांगितलं. तिने चष्मा डोक्यावर चढवला, आणि स्थळांची चौकशी करावी तशी तिघांची चौकशी सुरू केली.

"पहिला कसा आहे?"

"रिप? जुना आहे. साधा आहे. शेजारी सांगतो, अमुक गाव तीन चौकांवर आहे. हा त्यात आपला एक मिळवतो आणि पुढच्याला सांगतो, चार चौकांवर."

"स्वतः जाऊन बघत नाही?"

"नाही."

"शेजारी सांगतो आणि हा मेला मान डोलावतो? खुळाच आहे. दुसरा?"

"स्वभाव तोच. पण एकाच कंपनीच्या यंत्रांशी बोलतो."

"म्हणजे खुळा, वर घमेंडी. तिसरा?"

"तिसऱ्याकडे प्रत्येक जण फक्त आपल्या दारापुढचं सांगतो. ते सगळं गोळा करून तो स्वतः नकाशा काढतो आणि स्वतःच वाट ठरवतो."

आईचा हात ताटात थांबला. "हा शहाणा आहे. हाच शीक."

"अगं, पण बोरिसही हाच शीक म्हणतो!"

"बोरिस म्हणतो?" आई चपापली. "मग थांब जरा. शर्यतीतला घोडा दुसऱ्याच्या तोबऱ्यात हरभरे घालतो होय?"

अशा रीतीने आईने पहिल्या मिनिटाला दिलेलं बरोबर उत्तर आम्ही दोघांनी मिळून दुसऱ्या मिनिटाला निकालात काढलं.

आता तिऱ्हाईताचं मत हवं होतं. माझा मावसभाऊ डॅनी देशाच्या दक्षिण टोकाला, एलातच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होता. तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की झाकण उघडून तो ओढून काढी, तेवढ्यावर आमच्या घराण्यात तो कॉम्प्युटर इंजिनिअर समजला जाई. मी त्याला फोन केला. आणि इथे मी एक गोष्ट केली, जी बुजऱ्या माणसांना सहज जमते. 'ओएसपीएफ परीक्षेत नसावा असा माझा अंदाज आहे' असं म्हटलं असतं, तर डॅनी हसला असता. म्हणून मी म्हणालो, "डॅनी, इथे एक माणूस म्हणतो, ओएसपीएफ परीक्षेत नाही. तुला काय वाटतं?"

डॅनीने ओएसपीएफ हे नाव आयुष्यात प्रथमच ऐकलं होतं. "बरोबर आहे," तो ठामपणे म्हणाला. "नाहीये."

डॅनी रोज आपल्या आईला फोन करी. त्याची आई, म्हणजे माझी फ्लोरामावशी, येरुहामला राहत असे. तीस वर्षं तिथल्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेली, आणि आता तिचा सगळा वेळ टेलिफोनला मोकळा. फ्लोरामावशी रोज आईला फोन करी. आई रोज मला जेवायला वाढी. हा मार्ग वाचकांच्या लक्षात आला असेल. माझ्या आला नाही.

तीन दिवसांनी आईने माझ्या ताटात आमटी वाढता वाढता आवाज खाली आणला. "तिसरा सोड. तो परीक्षेत नाही."

"कोणी सांगितलं?"

"फ्लोराने. परीक्षेच्या ऑफिसात बसणारा एक माणूस आहे. तो म्हणतो, नाही."

"कोण माणूस? नाव काय?"

"नाव कसं सांगतील? नोकरी जाईल त्याची! फ्लोराने शपथ घातलीय, पुढचं विचारायचं नाही. पण एकटा तो नाही. तो, आणखी एक कॉम्प्युटरवाला, फ्लोरालाही पटलंय, आणि आता मलाही. चार जण झाले."

पेताह तिक्वाहून निघालेला 'एक माणूस' एलातहून येरुहामला जाताना परीक्षेच्या ऑफिसात नोकरीला लागला होता! प्रवासाने माणूस सुधारतो म्हणतात, ते असं. मी त्याला ओळखलंच नाही. उलट आनंदाने डॅनीला फोन केला. "अरे, चार जण म्हणतात! एक तर परीक्षेच्या ऑफिसातलाच आहे! आता मलाही खात्री वाटते."

"म्हणजे पाच," डॅनी म्हणाला. "बघ, मी तुला म्हटलंच होतं! आणि मी सहावा."

पुढल्या आठवड्यात आई म्हणाली, "आठ जण." त्यानंतरच्या आठवड्यात म्हणाली, "बारा. एझ्रा, बारा माणसं एकदम खोटं बोलत नाहीत. आणि बोलली, तर त्यांतला एक तरी मला सापडला असता."

मी निश्चिंत झालो. बोरिसची चाळीस पानं एका फायलीत बांधून मी दफ्तरखान्याच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवली, 'मृत' असं लिहिलेल्या भागात. उरलेले सगळे दिवस मी रिपवर घालवले. रिप मला तोंडपाठ झाला. त्यात एक सुंदर प्रकरण आहे. कधी कधी खोटी बातमी राउटरांच्या वर्तुळात फिरत राहते. पहिला दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा परत पहिल्याला, आणि पहिला बिचारा समजतो की ही नवीनच बातमी आली. दर फेरीला आकडा वाढत जातो. म्हणून नियम केला आहे: आकडा सोळावर गेला की राउटरने ओळखायचं, असा रस्ता मुळात नाहीच. ह्या प्रकरणाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली, आणि समासात लिहिलं, 'राउटर किती भोळे असतात!'

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी डॅनीला बारा जणांची बातमी दिली, आपला एक मिळवून. तेरा. डॅनी, चौदा. डॅनीने फ्लोरामावशीला सांगितलं, पंधरा. मावशीने लगेच आईला फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला, लागेना. आईचा फोन संध्याकाळपर्यंत गुंतलेला होता. तो लागला असता, तर जेवताना माझ्या कानावर सोळा पडला असता, आणि एवढा पाठ केलेला नियम कदाचित आठवला असता. (कदाचित. मी स्वतःला ओळखतो.)

आईचा फोन गुंतला होता, कारण ती मलिद्याची आमंत्रणं देत होती.

मी पास झालो तर मलिदा करीन, असा नवस ती बोलली होती. परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि निकाल तिथल्या तिथे हातात देतात, हे मीच तिला सांगितलं होतं. तिने हिशेब केला: सकाळी परीक्षा, दुपारी निकाल, संध्याकाळी मलिदा. पण येरुहामच्या माणसांना आधी बेरशेबाला येऊन पुढची बस धरावी लागते, त्यांना आयत्या वेळी कसं बोलवायचं? म्हणून ती प्रत्येकाला म्हणाली, "उद्या संध्याकाळी एझ्राच्या परीक्षेचा मलिदा आहे, या."

ज्याने ऐकलं, तो आमच्यांतलाच होता. मलिदा आहे म्हणजे काम झालंय. काम झाल्याशिवाय मलिदा कोण करतो? येरुहामभर झालं, एझ्रा पास झाला. मावशीने ते एलातला कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला डॅनीने हॉटेलातून आईला फोन केला. "माज़ल तोव, मावशी! पास झाला ना!"

साडेनऊला मी पाचव्या प्रश्नावर होतो.

"तुला कसं कळलं?" आईने विचारलं.

"कळलं," डॅनी ऐटीत म्हणाला.

कॉम्प्युटरवाला मुलगा! त्याला कॉम्प्युटरवर दिसलं असणार. आईने फोन ठेवला, एलियाहू हनाबीचे आभार मानले आणि पोहे भिजवले.

इकडे पाचवा प्रश्न ओएसपीएफवर होता. मला वाटलं, चुकून आला असेल. सातवाही ओएसपीएफवर. नवव्यात चित्र होतं, त्यात पाच राउटर, आणि खाली विचारलं होतं की ओएसपीएफ कुठली वाट निवडेल. मी आजूबाजूला पाहिलं. प्रथम मला संशय आला की माझ्या कॉम्प्युटरात मुद्दाम दुसरी प्रश्नपत्रिका घातली आहे. मग संशय आला, परीक्षेच्या ऑफिसातल्या त्या माणसाला पकडलं असावं आणि रातोरात पेपर बदलला असावा. बिचाऱ्याची नोकरी गेली असणार! मला त्याच्याबद्दल खरोखर वाईट वाटलं. शेवटी पडद्यावर निकाल आला आणि बाहेर बसलेल्या मुलीने छापील कागद माझ्या हातात दिला. रूटिंगच्या भागासमोरचा आकडा मी इथे लिहीत नाही. हा लेख घरातली मुलंही वाचतील.

दोन तास मी एका बागेतल्या बाकावर बसून काढले. चादरी मोजायच्या म्हणजे नक्की काय करायचं असतं, याचा विचार केला. मग घरी गेलो. जिन्यातच खोबऱ्याचा आणि वेलचीचा वास आला. दार उघडलं, आणि अठ्ठेचाळीस माणसं एकदम ओरडली, "माज़ल तोव!"

कुणी मिठी मारली, कुणी पाठ थोपटली. एका मामांनी माझ्या तोंडात खजूर कोंबला, त्यामुळे पहिली दोन मिनिटं मला काही बोलताच येईना. टेबलावर ताट मांडलेलं, पाच फळं, मधोमध गुलाब. आईने निळी साडी नेसली होती. बाबा गेल्यापासून ती साडी कपाटातून बाहेर आली नव्हती.

"मी..." खजूर गिळून मी म्हणालो, "मी नापास झालो."

मग हशा! "लाजतोय!" कुणीतरी म्हणालं.

"खरंच नापास झालो. हा कागद बघा."

फ्लोरामावशी पुढे आली. तिने कागद घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "हा कोणी दिला तुला?"

"मशीनने."

"मशीन एक. तू दुसरा. दोघं जण म्हणता नापास. आणि अख्खं येरुहाम म्हणतं पास! आम्ही कुणाचं ऐकायचं?"

"मावशी, मी परीक्षेला बसलो होतो!"

"म्हणून काय तुला जास्त कळतं?"

मावशीची एक नात सैन्यातून सुट्टीवर आलेली होती. ती हिब्रूत म्हणाली, "आजी, पुरे ना. कागदावर छापलंय." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

माझा आवाज सहसा चढत नाही. त्या दिवशी चढला. "ओएसपीएफ परीक्षेत होता! तुम्हीच सांगितलंत, नाही म्हणून! कोण होते ते बारा जण? मला नावं हवीत!"

"नावं?" मावशी तिखट झाली. "घे नावं!" आणि ती एकेक बोट दुमडत मोजू लागली. "ऑफिसातला तो माणूस, एक. माझा डॅनी, दोन. मी, तीन. तुझी आई, चार. तू, पाच."

"मी?"

"मग? डॅनी म्हणाला, एझ्रालाही आता खात्री आहे. तू, पाच. डॅनी, सहा..."

"डॅनी झाला की!"

"तो दुसऱ्यांदा म्हणाला ना! डॅनी, सहा. मी..." मावशीचं बोट हवेत थांबलं. "मी, सात." तिचा आवाज हळू झाला. "तुझी आई... आठ." नवव्या बोटाला ती माझ्याकडे बघत राहिली आणि बोटं मिटून घेतली.

"पण ऑफिसातला माणूस आहे ना!" मामांनी धीर दिला. "तो तर खरा?"

"तो डॅनीच्या ओळखीचा," मावशी म्हणाली.

मी फोन उचलला आणि एलातला लावला. अठ्ठेचाळीस माणसं भोवती उभी. "डॅनी, परीक्षेच्या ऑफिसातला तो माणूस कोण?"

"मला काय ठाऊक? ऑफिसातला असं तूच सांगितलंस."

"त्याच्याही आधी. सगळ्यांत पहिला. तुला पहिल्यांदा कोण म्हणालं, ओएसपीएफ नाही म्हणून?"

"तूच म्हणालास की! एक माणूस म्हणतो, असं म्हणालास. कोण होता रे तो?"

रिसीव्हर माझ्या कानाला तसाच राहिला. डॅनीचा आवाज मोठा होता आणि खोली लहान. सगळ्यांनी ऐकलं होतं.

सर्वांत आधी आई हसली. आधी नुसते खांदे हलले, मग तिने पदर तोंडाला लावला, मग तिला खुर्ची द्यावी लागली. "अरे मेल्या," ती म्हणाली, "आख्खा देश फिरवून आणलास, आणि निघालास कोण, तर तू!"

"आता मलिद्याचं काय?" मावशीने विचारलं.

आईने डोळे पुसले. "केलेला मलिदा उचलून ठेवत नाहीत. आगाऊ दिलाय असं हनाबीला सांगू. आता ह्याला पास करणं त्याच्याकडे लागलं." आणि मग, सवयीने, छताकडे एक संशयाची नजर टाकून, "बघू या करतो का."

प्रार्थना झाली, मलिदा वाटला. चांगला झाला होता. मी दोनदा घेतला.

बोरिस पास झाला आणि वरच्या मजल्यावर गेला. पेसाहनंतर मी धोबीखान्यात चार महिने चादरी मोजल्या. चादरींबद्दल माझी तक्रार नाही, त्याही बोलत नाहीत. मग एके दिवशी बोरिस खाली आला. काम एकट्याला झेपत नव्हतं, आणि त्याने विभागप्रमुख बाईंना माझं नाव सांगितलं होतं. "पण परीक्षा पास हो," तो म्हणाला. "माझ्या नोट्स आहेत ना?"

त्या मी 'मृत' विभागातून शोधून काढल्या. सहा आठवडे बोरिसने जेवणाच्या सुट्टीत मला ओएसपीएफ शिकवला, आणि अर्धी काकडी दिली. ती मी उजेडात न धरता खाल्ली. दुसऱ्या खेपेला मी पास झालो. (घरी कागद दाखवेपर्यंत आईने पोह्यांना हात लावला नाही.)

शेवटच्या शिकवणीच्या दिवशी बोरिसने वही मिटली आणि म्हणाला, "एक विचारू? पहिल्या वेळी तू हे काहीच वाचलं नव्हतंस. परीक्षेत नाही, असं तुला सांगितलं तरी कोणी?"

खोटं बोलावंसं वाटेना.

"घरातलाच आहे एक," मी म्हणालो. "पुस्तकं फार वाचतो."

"त्याचं पुन्हा कधी ऐकू नकोस," बोरिसने बजावलं. "अशा माणसापासून लांब राहा."

प्रयत्न चालू आहे!